लोंबता दोर कापू नका

प्रश्न एका ट्रेकिंगवाल्या तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "आम्ही पुण्यातले आठ जण. सह्याद्रीत कड्यावर अडकलेली माणसं काढतो, चौघांना स्कूबाही येतं. कोकणात देवमासा जाळ्यात अडकला तर पाण्यात उतरून त्याला मोकळा करणारी टीम उभी करायची आहे. चाकू कोणते घ्यावेत आणि पुण्यात राहून सराव कसा करावा?"

तळमळ पोहोचली. पण 'पाण्यात उतरून' हे दोन शब्द आधी खोडा, मग पुढचं बोलू.

मी पेशाने पशुवैद्य. अठरा वर्षं कोथरूड ते कोकण अशा खेपा चालू आहेत. जाळ्यातून सोडवलेली कासवं आणि डॉल्फिन पुष्कळ झाले; मोठे देवमासे मात्र तीनच, आणि त्यातला एक माझ्या चुकीमुळे अर्धवटच सुटला. या कामाचं रीतसर प्रशिक्षण मी त्या चुकीनंतर परदेशात जाऊन घेतलं. क्रम उलटा झाला, मान्य आहे.

तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत माणूस पाण्यात असतो, हातात सुरी असते, देवमासा शांत असतो. शेवटी तो मस्त उसळी मारून जातो आणि खाली हजारो बदाम पडतात. जेव्हा तसं होत नाही, तेव्हाचा व्हिडिओ कुणी टाकत नाही. २००३ साली न्यूझीलंडमध्ये कैकौराजवळ टॉम स्मिथ अडकलेल्या हंपबॅक जातीच्या देवमाशाला सोडवायला पाण्यात उतरला आणि शेपटीच्या तडाख्याने गेला. १० जुलै २०१७ रोजी कॅनडात, सेंट लॉरेन्सच्या आखातात, जो हाउलेट गेला. तो तर होडीत होता. स्वतः लॉबस्टर पकडणारा मच्छीमार, पंधराएक वर्षांचा अनुभव, दोन डझनांच्या आसपास देवमासे सोडवलेला माणूस. राइट व्हेल जातीच्या देवमाशाचा दोर कापला गेला, तो मोकळा झाला आणि जाता जाता हाउलेटला मारून गेला. कॅनडा आणि अमेरिका या दोघांनी त्यानंतर काही काळ राइट व्हेलची सोडवणूक थांबवून आपली पद्धत पुन्हा तपासली. इतक्या मुरलेल्या माणसाचं असं होतं, तर तुमचं-माझं काय.

देवमाशाला आपण सोडवतोय हे कळत नाही. त्याला दुखतंय, आणि दुखतंय तिथेच कुणीतरी ओढतंय, एवढंच कळतं. पूर्ण वाढलेला हंपबॅक म्हणजे लांबी पीएमपीच्या एका बसएवढी आणि वजन भरलेल्या दोन बसचं. शिवाय तुम्ही पाण्यात असलात की तोच दोर तुमच्याही पायात येतो. तो बुडी मारतो, तुम्हीही खाली जाता. स्कूबाचा परवाना तिथे कामाचा नाही.

पुण्यात व्याख्यानानंतर हमखास येणारा दुसरा प्रश्नही इथेच उरकतो: जुन्नरच्या बिबट्याला भूल देतात तशी याला का देत नाही? आपण झोपेतही श्वास घेतो, कारण तो आपोआप चालतो. देवमासा प्रत्येक श्वास ठरवून घेतो. त्याला पुरता झोपवला तर तो वर येणार नाही, बुडून मरेल. अमेरिकेत काही राइट व्हेलना हलकं गुंगीचं औषध देऊन पाहिलं आहे, पण तो हुकमी उपाय म्हणता येत नाही. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग करतात काय? त्याला दमवतात. आणि ही युक्ती त्याला मारणाऱ्यांकडूनच उचललेली आहे. जुने शिकारी भाल्याच्या दोराला लाकडी पिंपं बांधायचे. देवमासा पिंपं ओढत पळायचा, थकायचा, वर तरंगायचा, मग त्याला संपवायचे. १९८४ साली अमेरिकेत प्रॉव्हिन्सटाउनच्या संशोधन केंद्रातल्या चार्ल्स मेयो आणि डेव्हिड मॅटिला यांनी आयबिस नावाच्या हंपबॅकवर तेच केलं, फक्त शेवट बदलला. त्याच्या अंगावरून लोंबणाऱ्या दोराला मोठाले हवेचे बोये अडकवले, त्याला दमू दिलं आणि मग जवळ जाऊन जाळं कापलं. आज जगभर शिकवली जाते ती पद्धत मुळात हीच.

त्याच्याही आधी, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये जॉन लीन हा प्राध्यापक कॉड माशांच्या सापळ्यांत अडकलेले हंपबॅक सोडवू लागला होता. लीनची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. त्याला बोलावणारे मच्छीमार होते. त्यांचा सापळा फाटत होता, हंगाम बुडत होता. लीन देवमासाही वाचवायचा आणि शक्य तेवढं जाळंही. पुढच्या हाका त्यामुळेच आल्या.

आता माझी चूक. रत्नागिरीच्या दक्षिणेला, दिवाळीनंतरचे दिवस. एका तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, फोन आला: मोठा मासा आहे, मागे हिरवा दोर आणि दोन बोये ओढतोय. आम्ही भाड्याच्या लाँचवर चौघं. पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तो ब्रायड्स व्हेल असावा, चाळीसेक फुटी. दोर तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आत, उजवीकडून बाहेर, मग बाजूच्या परावर एक वेढा आणि मागे वीस-बावीस मीटर लोंबता. त्याच्याजवळ जाणं जमेना. लोंबतं टोक मात्र हाताशी येत होतं. मी म्हटलं, निदान हे ओझं तरी कमी करू. बांबूला बांधलेल्या कोयत्याने ते टोक ओढून घेतलं आणि जेवढं पुढून कापता आलं तेवढं कापलं. दोर आणि बोये आमच्या लाँचमध्ये आले. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या.

तो पुन्हा वर आला तेव्हा त्याच्या मागे काहीच नव्हतं. तोंडातला दोर तसाच, परावरचा वेढा तसाच, आणि आता धरायला टोक नाही, खुणेला बोया नाही. सूर्य बुडेपर्यंत आम्ही फिरत राहिलो. तो नंतर कुणालाच दिसला नाही.

लोंबता दोर म्हणजे त्या देवमाशाला लागलेली एकमेव मूठ असते. त्याला गळ टाकायचा, बोये अडकवायचे, अंधार पडला तर उपग्रहाशी बोलणारा बोया बांधून घरी जायचं आणि सकाळी तो जिथे असेल तिथे गाठायचं. हे सगळं त्या टोकावर उभं असतं. मी मूठच कापली. वरून ओझं हलकं दिसलं, पण त्याला मारणारा भाग ते ओझं नव्हतंच. मारतो तो अंगाला आवळलेला वेढा. छोटा डॉल्फिन जाळ्यात अडकला की काही मिनिटांत गुदमरून संपतो. देवमाशात ताकद असते, तो जाळं उपटून घेऊन निघतो. मग दोर मांसात रुतत जातो, तोंड नीट मिटत नाही, खाणं कमी होतं, आणि मरायला महिनेच्या महिने लागतात. घाई आपल्याला असते. त्याच्याकडे, बहुतेक वेळा, उद्याचा दिवस असतो.

त्या दोराचा एक तुकडा माझ्या गॅलरीत आहे. बारा मिलिमीटरचा, हिरवा, दोन गाठींचा. एकदा हर्णैच्या एका वयस्क नाखव्याला दाखवला. त्यांनी गाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डॉक्टर, ही गाठ आमच्या बंदराची न्हाय." मी तोवर दोराकडे फक्त पुरावा म्हणून बघत होतो. त्यांना गाठीवरून गाव वाचता येत होतं. तेव्हापासून कापलेला एकही तुकडा मी समुद्रात टाकत नाही. कुठल्या जाळ्याचा, कुठल्या खोलीवरचा, किती ताकदीचा दोर होता हे कळल्याशिवाय पुढची अडकणूक टाळायचं बोलताच येत नाही.

आता पुण्यातला सराव. हा भाग तुम्हाला जमेल, कारण दोर तुमच्या ओळखीचा आहे. आम्ही पानशेतच्या पाण्यावर करतो. एक मोटरबोट देवमासा होते, तिच्यामागे तीस मीटर दोर सोडतो. दुसऱ्या, छोट्या रबरी होडीत तिघं: एक इंजिनावर, एक पुढे, एक मध्ये. दोर आणि कप्प्या बोहरी आळीतून, बांबू बुरुड आळीतून. चार नख्यांचा गळ फेकून लोंबता दोर पकडायचा, मग आपला कामाचा दोर त्याला जोडायचा, त्यावर बोये. एवढं झालं की इंजिन बंद करून वर उचलायचं, पंख्यात दोर जाऊ नये म्हणून. आणि मग हातांनी दोर ओढत ओढत 'देवमाशा'कडे सरकायचं. तो खेचेल तेव्हा ढील द्यायची, थांबेल तेव्हा घ्यायचा. ही देवघेव हाताला कळेपर्यंत पाच-सहा रविवार जातात.

पहिल्याच दिवशी प्रत्येक नवा माणूस एक गोष्ट करतो: पकड बसावी म्हणून दोराचा एक वेढा मनगटावर घेतो. तिथे मी शिट्टी मारून सगळं थांबवतो. मोटरबोट दहा फूट पुढे गेली तरी मनगट निखळेल. कड्यावर तुम्ही दोराला स्वतःला बांधून घेता, तोच तुमचा जीव. इथे उलट आहे. दोर कुठल्याही क्षणी सोडून देता आला पाहिजे. गिर्यारोहकांना हे शिकणं सगळ्यात जड जातं, असा माझा अनुभव आहे. आमच्याकडचा सगळ्यात चांगला हात एका ढोल पथकातल्या मुलाचा निघाला. गणपतीच्या आधी महिनाभर ढोल ताणत बसणाऱ्या पोराला दोरातला ताण बोटांनी कळतो, त्याला सांगावं लागलं नाही.

चाकूंचं विचारलंत. साधा चाकू, सुरा, कोयता यातलं काहीही नको. लागते ती आकड्यासारखी वाकलेली पाती: आतली कड धारदार, बाहेरची बोथट आणि गोल. म्हणजे ती देवमाशाच्या कातडीवर टेकवून सरकवली तरी त्याला लागत नाही, आणि दोर आत आला की आपल्याकडे ओढल्यावर कापला जातो. ती लांब दांड्याला बसते, किंवा दांड्यातून सुटून कामाच्या दोरावर राहते, मग देवमाशाच्याच ओढीने दोर कापला जातो. पण पाती शेवटची दहा मिनिटं लागते. त्याआधीचे चार-पाच तास दुरून फोटो काढण्यात, आणि दोर कुठून येतो, कुठे जातो, याचं चित्र कागदावर काढण्यात जातात. ड्रोन आल्यापासून हे सोपं झालंय. कुठला एक वेढा कापला की बाकीचं आपोआप सुटेल, ते ठरल्याशिवाय पाती बाहेर काढायची नाही. डोक्यावर हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट, हुकूम एकाचाच. वारा वाढला, उजेड गेला किंवा कुणाला भीती वाटली, तर परत. भीती वाटली असं सांगणाऱ्याला आमच्यात कुणी चिडवत नाही.

एक बाब कायद्याची. देवमासे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, भले हेतू कितीही चांगला असो. आधी वनखात्याच्या १९२६ वर आणि तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवायचं. केंद्राने २०२१ साली किनाऱ्याला लागलेल्या सागरी प्राण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या तुमच्या आठही जणांनी वाचाव्यात. किनाऱ्याला लागणं हे मात्र वेगळं प्रकरण आहे. २०२३च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला लागलेलं पिल्लू सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दोन दिवस खपून त्याला पाण्यात नेलं, तरी ते वाचलं नाही. तिथे वाळू, जेसीबी, ओले कपडे आणि भरतीची वेळ यांचा खेळ असतो. दोन्हींची सरमिसळ करू नका.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. तुम्ही पुण्यातून निघालात तर ताम्हिणी किंवा वरंधा उतरून, बंदर गाठून, लाँच ठरवून, देवमाशाजवळ पोचायला आठ-दहा तास. त्याच्याजवळ पहिल्यांदा असतो तो तांडेल आणि त्याचे चार खलाशी. पहिला अर्धा तास त्यांचा आहे. दोर न कापता, लांबून सोबत राहून, मोबाइलवर चित्रण करून, जागेचे आकडे कळवून तो थांबला, तर पुढच्यांना काहीतरी करता येईल. पण त्याने का थांबावं? डिझेल जळतंय, बर्फ वितळतोय, आणि गुंतलेलं जाळं त्याचंच असलं तर डोळ्यांदेखत लाखाचा माल चाललाय. त्यात पोलिसांत नाव जाईल ही भीती. मी त्याच्या जागी असतो तर दोर तोडून गुपचूप घरी आलो असतो.

आपल्याकडे यावर उत्तर निघालेलं आहे, फक्त ते देवमाशापेक्षा व्हेल शार्कसाठी (नावात व्हेल असली तरी हा शार्क मासा) जास्त वापरलं गेलं. गुजरातेत एकेकाळी व्हेल शार्क मारले जायचे. २००१ साली त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, पण कायद्याने जाळी कापली जात नाहीत. २००४ पासून मोहीम सुरू झाली. कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. तिला 'व्हाली', म्हणजे लाडकी, म्हणू लागले. जाळ्याची भरपाई वनखातं देऊ लागलं. तेव्हापासून नऊशेच्या वर व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून सोडले आहेत. महाराष्ट्रातही संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, फोटो किंवा व्हिडिओ दाखवावा लागतो. रक्कम तोकडी आहे आणि हातात पडायला वेळ लागतो, अशी तक्रार मी दर खेपेला ऐकतो. तरी, पैसे जमा झालेला एक तांडेल बंदरात जेवढं काम करतो तेवढं माझी दहा व्याख्यानं करत नाहीत.

आणि सोडवून किती सुटणार? आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचा अंदाज वर्षाला तीन लाख देवमासे आणि डॉल्फिन जाळ्यांत-दोरांत मरतात असा आहे. उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल आता चारशेच्याही आत आहेत. तिथल्या एका अभ्यासात, दर शंभरातले त्र्याऐंशी आयुष्यात एकदा तरी अडकलेले आढळले. व्रणांवरून ते कळतं. तिथे गडबड दोराच्या ताकदीची झाली. १९९०च्या दशकापासून दोर जास्त चिवट निघू लागले. पूर्वीचा दोर तरण्या देवमाशाच्या हिसक्याने तुटायचा, नवा तुटत नाही. सुमारे ७७० किलो ताणाला तुटेल असा दोर वापरला तर जीवघेण्या अडकणुकी जवळपास तीन-चतुर्थांशाने कमी होतील, असा अभ्यासकांचा हिशेब आहे, आणि मॅसॅच्युसेट्सने तसा नियमही केला. दुसरा उपाय म्हणजे तळाशी ठेवलेल्या लॉबस्टरच्या पिंजऱ्यापासून बोयापर्यंतचा उभा दोरच काढून टाकायचा. मच्छीमार होडीतून आवाजाचा संकेत पाठवतो आणि तेव्हाच तळातून बोया वर येतो. छान आहे, महाग आहे.

आपल्या अरबी समुद्रात प्रश्न वेगळा आहे. इथे मुख्य धोका मैलोन्मैल लांब गिलनेटचा, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या जाळ्याचा. जगातले बाकी हंपबॅक ध्रुवाकडे ये-जा करतात. आपले करत नाहीत. ते सुमारे सत्तर हजार वर्षं इतरांपासून तुटून इथेच राहिले आहेत. १९६५-६६ साली सोव्हिएत जहाजांनी त्यातले २४२ बेकायदा मारले. ओमानजवळच्या मोजणीत अंदाज निघाला ८२चा, आणि फोटोतल्या तीस-चाळीस टक्क्यांच्या अंगावर दोरांचे व्रण. २०१७ साली ओमानात उपग्रह-खूण लावलेली लुबान नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला आली आणि दक्षिणेकडे मन्नारच्या आखातापर्यंत गेली. म्हणजे वाटेत हजारो होड्यांची जाळी. तो नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आनंद झाला नाही, घाम फुटला.

यावर मला सगळ्यात आशादायक वाटतं ते पाकिस्तानातलं काम. तिथल्या ट्यूनाच्या होड्यांनी गिलनेट पृष्ठभागाखाली साधारण दोन मीटर सोडायला सुरुवात केली. डॉल्फिन अडकण्याचं प्रमाण खूप खाली आलं, माशांच्या उतारात थोडीच घट झाली. बोयाच्या दोराची लांबी वाढवायची, बस. यंत्र नाही, बॅटरी नाही. उलट पिंगर, म्हणजे जाळ्याला लावायचा आवाज करणारा डबा, काही लहान जातींना दूर ठेवतो, पण ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांत हंपबॅकनी त्याला भीकही घातली नाही. त्यामुळे 'स्मार्ट पिंगर' बनवलाय म्हणून कुणी इंजिनियरिंगची मुलं येतात तेव्हा मी आधी चहा पाजतो आणि मग हे सांगतो.

पुण्यातून खरोखर करण्यासारखं एक काम पाषाणला आहे. आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत, हिंदी महासागरातल्या उष्णतेच्या लाटांवर अभ्यास चालतो. कॅलिफोर्नियात २०१४ ते २०१६ या काळात समुद्र तापला, थंड पाणी किनाऱ्यालगत आकसलं, खाणं तिथे आलं, त्यामागे हंपबॅक आले आणि थेट खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या दोरांत शिरले. आता तिथे देवमाशांची गर्दी बघून हंगामाची तारीख पुढे-मागे करतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या दर्यासाठी. देवमासे आपल्या किनाऱ्यालगत नेमके कधी असतात आणि तेव्हा तापमान काय असतं, याची जुळणी करणारं कुणी तुमच्या आठांत असेल, तर त्याला दोर ओढायला लावू नका, संगणकासमोर बसवा.

बाकीच्यांनी या. महिन्यातला दुसरा रविवार, पहाटे पाचला कोथरूड डेपोपाशी. चामड्याचे हातमोजे, टोपी आणि दोन बाटल्या पाणी. चाकू आणू नका. बांबू जीपच्या टपावर बांधायला दोघं लवकर आलात तर बरं.